पोट लहान, घास लहान

आज आपण एका घरची हकीकत वाचू. घर सातारा जिल्ह्यातल्या एका गावातले आहे. गावाचे नाव सांगत नाही. घरच्या बाईंना आपण काकू म्हणू.

काकूंचे वय ४६. उंची पाच फूट आणि वजन १०४ किलो. दहा वर्षांपासून मधुमेह. गुडघे दुखत. विहिरीपर्यंत चालल्या तरी दम लागे. रात्री घोरता घोरता श्वास अडकायचा आणि त्या दचकून उठायच्या. गावातली माणसे मागून हसत. “खाते म्हणून फुगते,” असे म्हणत.

हे बोलणे खरे नाही. एकच भाकरी खाऊन एकाचे अंग बारीक राहते, दुसऱ्याचे सुटते. घराण्याचे अंगच तसे असते, काही औषधांनी वजन वाढते, झोप मोडली तरी वाढते. आणि एकदा वाढलेले वजन कमी करू लागले, की शरीरच भूक वाढवून ते परत मागते. काकूंनी दोन वेळा आठ-दहा किलो वजन उतरवले होते. दोन्ही वेळा ते परत चढले. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी पोटाचे ऑपरेशन सुचवले. घरच्यांनी खूप विचार केला, पैसे जमवले, आणि ऑपरेशन केले. दुर्बिणीतून झाले. पोटावर पाच लहान छेद. तिसऱ्या दिवशी काकू घरी आल्या.

पहिले दोन आठवडे फक्त पातळ पदार्थांचे होते. ते नीट पार पडले. मग घोटलेले अन्न सुरू झाले. अठराव्या दिवशी काकूंची थोरली बहीण भेटायला आली. येताना डबाभर शिरा घेऊन आली. साजूक तुपातला. बहिणीचे मन! रिकाम्या हाताने कशी येणार?

काकूंची घोटलेली डाळ नुकतीच खाऊन झाली होती. बहीण म्हणाली, “अगं, काय ही तुझी दशा! तोंड बघ केवढंसं झालंय. शिरा खा दोन घास.”

“नको गं ताई. पोट भरलंय.”

“भरलंय म्हणं! वाटीभर डाळीनं कुठं पोट भरतं का? एक घास माझ्या नावचा.”

काकूंनी सासूकडे पाहिले. सासू सत्तरीच्या. त्यांना घरात सगळे आजी म्हणतात. आजी म्हणाल्या, “घे की पोरी. लांबून आणलाय तिनं. अन्नाला नाही म्हणू नये.”

काकूंनी एक घास बहिणीच्या नावचा घेतला. एक आजीच्या नावचा घेतला. तिसरा घास छातीच्या मागे अडकल्यासारखा झाला. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला. काकू घटाघटा प्याल्या. मग तोंडाला पाणी सुटले, कपाळावर घाम आला, आणि ओकारी सुरू झाली. एकदा नाही, चार वेळा. काकू पोट धरून भिंतीला टेकून बसल्या. घरात रडारड झाली. कुणी म्हणाले, ऑपरेशन बिघडले. कुणी म्हणाले, नजर लागली.

घरात धाकटी जाऊ होती. ती दोन वर्षांपूर्वी रात्रीच्या वर्गात वाचायला शिकली. तिला आठवले की, इस्पितळातून एक कागद दिला होता. तो आला त्या दिवशी देवाच्या फळीवर ठेवला, आणि पिशवीतून कुणी बाहेरच काढला नाही. आतापर्यंत सगळे ऐकीव माहितीवर चालले होते. तिने कागद काढला. सावकाश, अक्षर लावून वाचला. खाली इस्पितळाचा फोन नंबर होता. तिने फोन लावला.

पलीकडच्या बाईंनी चार प्रश्न विचारले. ताप आहे का? नाडी मिनिटाला किती पडते? पोटातले दुखणे वाढत चालले आहे का? श्वास लागतो का? जावेने घड्याळ समोर धरून नाडी मोजली. ९२ भरली. ताप नव्हता. दुखणे कमी होत होते. श्वास ठीक होता. बाई म्हणाल्या, “दोन तास काही देऊ नका. मग चमचा चमचा पाणी द्या. उद्याचा दिवस फक्त पातळ पदार्थ. पाणीही राहिलं नाही, तर लगेच घेऊन या.” संध्याकाळी पाणी पोटात राहिले. या वेळी थोडक्यात निभावले.

पण असे झाले का? तीन घासांनी एवढे?

त्यासाठी आत काय केले आहे ते समजून घेतले पाहिजे. आपले पोट, म्हणजे जठर, ही एक पिशवी आहे. ती ताणली की लिटर-दीड लिटर अन्नपाणी तिच्यात मावते. काकूंच्या ऑपरेशनात या पिशवीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढला. उरली ती केळ्यासारखी बारीक नळी. तिच्यात चहाच्या एका कपाएवढेच मावते. पोत्याचे तोंड दाभणाने शिवतात, तशी ही नळी कडेने धातूच्या बारीक टाचण्यांनी शिवलेली असते. आतली शिवण भरून यायला काही आठवडे लागतात. तोवर आत सूज असते, आणि वाट आणखी अरुंद असते.

दुसऱ्या एका तऱ्हेच्या ऑपरेशनात वरच्या बाजूला अंड्याएवढी लहान पिशवी वेगळी करतात, आणि आतडे तिला जोडतात. त्याला बायपास म्हणतात. हे काही कालचे नवे खूळ नाही. अमेरिकेत आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली बायपास प्रथम केले. पोटातल्या व्रणासाठी ज्यांचे जठर कापावे लागे, ती माणसे पुढे बारीक होत, हे डॉक्टरांच्या ध्यानात आले होते. त्यातूनच ही कल्पना निघाली.

आता शिऱ्याचे बघा. वाटीभर डाळीने कप आधीच भरलेला होता. त्यात तीन घास चिकट शिरा गेला, आणि वरून तांब्यातले पाणी. भरलेल्या कपात आणखी ओतले तर काय होते? बाहेर सांडते. इथे सांडायला वाट एकच, वरची. आणि प्रत्येक ओकारीने त्या ताज्या शिवणीला हिसका बसतो.

म्हणून अन्न पायरी-पायरीने दाट करायचे असते. साधारणपणे पहिले दोन आठवडे पातळ. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटलेले. पुढे काही आठवडे मऊ, चमच्याने मोडेल असे. मग नेहमीचे अन्न, पण थोडे. प्रत्येक इस्पितळाची रीत थोडी निराळी असते, म्हणून आपल्या कागदावर लिहिलेले तेच आपले खरे. शेजारच्या गावातल्या कुणी दुसऱ्या आठवड्यात इडली खाल्ली म्हणून आपण खाऊ नये.

घोटलेले अन्न म्हणजे कसे? बाळाच्या उष्टावणानंतर आपण खिमट देतो ना, तसे. गोळा नाही, कण नाही, साल नाही, बी नाही, धागा नाही. दोन बोटांत चोळून पाहावे. काहीही टोचले किंवा सरसरीत लागले, तर ते पुन्हा घोटावे. चमचा तिरका केला की अन्न हळूच घसरले पाहिजे. पाण्यासारखे धावायला नको आणि लाडवासारखे चिकटून बसायलाही नको.

काकूंच्या घरी मिक्सर होता, पण वीज जायची. मग आजींनी पुरणयंत्र काढले. होळीला पुरण करायचे तेच. त्यातून काढलेली डाळ मिक्सरपेक्षाही मऊ निघाली. पुरणयंत्र नसेल तर पुरणाची चाळणी चालते. रवी तर घरोघरी आहे.

डाळ अशी करावी. मूठभर मुगाची डाळ तासभर भिजवावी. हळद, हिंग, जिऱ्याची पूड घालून कुकरात अगदी गाळ होईपर्यंत शिजवावी. बेताचे मीठ घालावे. तिखट घालू नये, आणि मोहरीची फोडणीही नको, कारण मोहरीचा दाणा तसाच राहतो. मग रवीने घोटावी आणि यंत्रातून काढावी. इथे एक चूक घरोघरी होते. आजारी माणसाला डाळीच्या वरचे पाणी देतात आणि म्हणतात, “सगळी ताकद यात आहे.” ताकद पाण्यात नसते, खाली बसलेल्या डाळीत असते. पहिल्या दिवसांत पाणी दिले ते ठीक. आता घोटलेली डाळच द्यायची.

अंडे चालत असेल तर उकडून घ्यावे, आणि थोडे दूध किंवा डाळीचे कढण घालून लोण्यासारखे मऊ करावे. मासा वाफवून काटा न् काटा काढावा, मग वाटावा. कोंबडीच्या मांसाला दोरे असतात, ते मिक्सरमध्ये सूप घालून पुरते मोडावे लागतात. पनीर दुधात घोटता येते. दही फेटून द्यावे. चक्का द्यावा, पण साखर न घालता. म्हणजे श्रीखंड नव्हे! भाज्यांत दुधी, लाल भोपळा, गाजर उकडून गाळून घ्यावे. मेथी, शेवग्याच्या शेंगा, कोबी, कच्चा कांदा यांची पाळी अजून आलेली नाही.

एका वेळी थोडेच करावे. वाटलेले अन्न लवकर आंबते. उन्हाळ्यात सकाळचे दुपारी देऊ नये. फ्रिज असेल तर गोष्ट वेगळी. मिक्सरच्या पात्याखाली जुने अन्न साचते, ते दर खेपेला धुवावे.

आता थोडा हिशेब करू. या माणसाला रोज साधारण ६० ग्रॅम प्रथिने लागतात. प्रथिने म्हणजे जखम भरून काढणारे, स्नायू टिकवणारे द्रव्य. ते कमी पडले, तर शरीर आपलेच मांस खाऊ लागते. माणूस बारीक दिसतो, पण उठता-बसता थकतो आणि केस गळतात.

आपल्या घरी आजाऱ्याला काय देतात? भाताची पेज, साबुदाण्याची खीर, चहा आणि बिस्किट. या कशात प्रथिने नावापुरतीच असतात. साबुदाण्यात तर जवळजवळ नाहीतच. इवलेसे पोट पेजेने भरले, की डाळीला जागा उरली नाही.

मग ६० कसे भरणार? कागदावर मांडू. दोन अंडी, १२ ग्रॅम. ५० ग्रॅम पनीर, ९ ग्रॅम. ३० ग्रॅम डाळ, म्हणजे कोरडी मोजलेली, ७ ग्रॅम. मोठा पेलाभर साय काढलेले दूध, म्हणजे २०० मिलिलिटर, ७ ग्रॅम. बेरीज ३५. आणि एवढे सगळे एका दिवसात त्या लहान पोटात घालणे हेच मोठे काम. म्हणून इस्पितळातून प्रथिनांची भुकटी सांगतात. काकूंच्या घरी ती महाग म्हणून दोन दिवस आणलीच नव्हती. “दुधात साखर घालून देऊ, तेच झालं,” असे ठरले होते. तसे होत नाही. उरलेले २५ ग्रॅम त्या भुकटीतूनच भरून काढायचे असतात. जो अंडी-मासे खात नाही त्याची भुकटी जास्त लागेल. कोणती आणि किती, ते आहारतज्ज्ञांना विचारावे. दुकानदाराला विचारू नये.

वाटीत आधी डाळ, अंडे किंवा पनीर संपवायचे. मग भाजी. भाताचे खिमट सर्वांत शेवटी, जागा उरली तर.

खाण्याची रीतही बदलावी लागते. काकूंसाठी नातवाचा लहान चमचा काढला. असे बारा चमचे म्हणजे साधारण ६० मिलिलिटर. सुरुवातीला एका जेवणाला एवढे पुष्कळ. हळूहळू दुप्पट होते. एक चमचा तोंडात घ्यायचा, घोळवायचा, गिळायचा, आणि चमचा खाली ठेवायचा. मिनिटभर थांबायचे. मग दुसरा. बारा चमच्यांना वीस-पंचवीस मिनिटे लागली पाहिजेत. शेतात जायची घाई असलेल्या माणसाला हे फार जड जाते. आपण तर पाच मिनिटांत ताट मोकळे करणारी माणसे!

पोट भरल्याची खूणही आता वेगळी असते. पूर्वी ढेकर यायची. आता छातीच्या हाडाखाली दाटल्यासारखे होते. कुणाला उचकी लागते. कुणाचे नाक वाहू लागते. काकूंना शिंक येते! घरातल्या पोरांना त्याची गंमत वाटते. पण ती शिंक आली की चमचा बंद. वाटीत दोन चमचे उरले तरी बंद. “अन्न टाकू नये” हा आपला संस्कार चांगला आहे. पण उरलेले दोन चमचे कोंबडीला घालता येतात, फाटलेली शिवण घरी शिवता येत नाही.

भुकेचीही एक गोष्ट आहे. काढून टाकलेल्या भागात भूक लावणारा रस तयार होत असतो. तो कमी झाल्यामुळे काही महिने भूक लागत नाही. कुणी म्हणेल, बरेच झाले, मग खायचेच कशाला? असे करू नये. घड्याळाप्रमाणे दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खायचेच. याच कारणाने या दिवसांत उपवास करू नये. काकूंची एकादशी होती. आजींनीच सांगितले, “विठोबाला ठावं हाय सगळं. तू डाळ खा.”

पाण्याचा नियम पाळायला सर्वांत कठीण. आपल्याकडे ताटाशेजारी तांब्या नसला तर जेवण अपुरे वाटते. पण आता जेवण आणि पाणी यांची गाठ घालायची नाही. जेवणाआधी अर्धा तास आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी नको. मधल्या सगळ्या वेळात मात्र घोट घोट पीत राहायचे. दिवसाला दीड लिटर तरी गेले पाहिजे. दिवसाचे जागेपणाचे तास पंधरा धरा. म्हणजे तासाला १०० मिलिलिटर. चहाचा एक लहान कप. काकूंनी दीड लिटरची बाटली घेतली. जावेने तिच्यावर कोळशाने रेघा मारल्या आणि पुढे तास लिहिले. दुपारी बाराला पाणी कुठवर उतरले पाहिजे, ते काकूंना रेघेवरून कळते. पातळ ताक, साखर न घातलेले लिंबूपाणी, कढण हे सगळे पाण्यातच धरावे. बाटलीतले फसफसणारे पेय मात्र मुळीच नको. लघवी गडद पिवळी झाली, तोंड सुकले, चक्कर आली, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे.

गोडाबद्दल थोडक्यात. साखर, गूळ, मध, उसाचा रस सगळे बंद. गूळ चालतो असे पुष्कळांना वाटते, पण गूळ साखरेचाच भाऊ. बायपास झालेल्या माणसाने गोड खाल्ले, तर ते एकदम आतड्यात उतरते. मग छाती धडधडते, घाम सुटतो, पोटात मुरडा येतो, जुलाब होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. जास्त तूप-तेलानेही असे होऊ शकते.

औषधांत घोटाळा फार होतो. काकूंच्या डब्यात मधुमेहाच्या जुन्या गोळ्या होत्या. ऑपरेशननंतर खाणे कमी होते आणि साखर झपाट्याने उतरते. जुन्याच मापाने गोळ्या किंवा इन्सुलिन चालू ठेवले, तर साखर इतकी खाली जाते की माणूस थरथरतो, बरळतो, बेशुद्धही पडतो. म्हणून नवा कागद आला की जुन्या गोळ्या वेगळ्या ठेवून डॉक्टरांना दाखवाव्या. जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या मात्र जन्मभर घ्याव्या लागतात. बरे वाटले म्हणून त्या सोडायच्या नाहीत. अंगदुखीवर दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून घेऊ नये. त्याने आत व्रण पडू शकतो, आणि बायपासवाल्याला तर हा धोका जास्तच असतो. विडी, तंबाखू बंद. मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे, हे आमच्या मायबहिणींना मुद्दाम सांगतो.

घरी थांबू नये अशी लक्षणे कोणती? ताप येतो. बसल्या जागी नाडी मिनिटाला १२० च्या वर जाते. पोटातले दुखणे वाढतच जाते, किंवा डावा खांदा दुखू लागतो. श्वास लागतो. एका पायाची पोटरी सुजते आणि दुखते. शी डांबरासारखी काळी होते. पाण्याचा घोटही राहत नाही. यातले एक जरी दिसले, तरी सकाळची वाट न पाहता त्याच रात्री गाडी करावी. शिवणीतून आत गळती झाली असेल, तर प्रत्येक तास मोलाचा असतो.

आणि ओकाऱ्या रोजच होत राहिल्या, तर “सवय होईल” म्हणून बसू नये. त्यात ब-१ जीवनसत्त्व संपून जाते. मग डोळ्यांना दोन-दोन दिसते, चालताना झोक जातो, माणूस विसरभोळा होतो. वेळेवर ब-१ मिळाले नाही, तर हे कायमचे राहू शकते. गावच्या दवाखान्यात गेलात, तर सलाइन लावण्याच्या आधी ऑपरेशनचा कागद डॉक्टरांच्या हातात द्यावा. ब-१ न देता नुसते साखरेचे सलाइन लावले, तर त्रास वाढू शकतो.

आता पुन्हा काकूंच्या घरी जाऊ. त्या दिवसानंतर जावेने तो कागद मोठ्या अक्षरात उतरवून घेतला आणि चुलीशेजारच्या भिंतीला चिकटवला. पण कागदाने सगळे सोपे झाले असे नाही. विसाव्या दिवशी घरात बांगड्याचे कालवण झाले. त्याचा वास घरभर पसरला. काकू आपली डाळीची वाटी घेऊन बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. दात असून चावायचे नाही! “पैसे देऊन पोट कापून घेतलं, आणि आता बाळावानी खिमट खायचं,” त्या म्हणाल्या. कुणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने धाकट्या जावेने एक बांगडा वाफवला, काटे काढले, वाटला, मीठ-हळद लावून वाटीत दिला. काकूंनी त्याचे आठ चमचे खाल्ले. त्यांना तो आवडला.

आजींचे दुःख वेगळे होते. तीस वर्षे त्यांनी या सुनेला आग्रह करून वाढले होते. माया दाखवायची त्यांना दुसरी रीतच ठाऊक नव्हती. आम्ही त्यांना भेटलो, तेव्हा त्या म्हणाल्या, “वाढायचं नाही, तर मी करू काय?” खरे आहे. नुसते “आग्रह करू नका” म्हटले, तर हात रिकामे राहतात. जावेने तोड काढली. डाळ घोटण्याचे काम आजींना दिले. पुरणयंत्राला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आजी बोटांत चोळून पाहतात, आणि कण लागला की सगळी डाळ परत यंत्रात घालतात. पाण्याच्या बाटलीवरची रेघही त्याच पाहतात. पाणी मागे राहिले, की ओरडतात, “अगं, दोन वाजले! कुठं हाय तुझं पाणी?”

दोन महिने झाले. काकूंचे वजन १३ किलो उतरले आहे. मधुमेहाची एक गोळी डॉक्टरांनी बंद केली. आता त्या मऊ अन्न खातात. मागच्या आठवड्यात ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा डाळीत कुस्करून पहिल्यांदा खाल्ला. सावकाश, नखाएवढा एकेक. पोटात राहिला.

परवा बहीण पुन्हा आली. या खेपेला डबा नव्हता. पिशवीत गावरान अंडी होती आणि एक लहान स्टीलचा चमचा. काकू जेवायला बसल्या. बहीण शेजारी बसली आणि मोजू लागली. काकूंना शिंक आली.

“किती झाले?” काकूंनी विचारले.

“चौदा.”

“दोन राहिलेत वाटीत.”

“राहू देत,” बहीण म्हणाली, आणि तिने वाटी उचलून बाजूला ठेवली.